आमच्याकडून सगळं बरोबर आहे

६७६ म्हणजे लाईन एंगेज. ६७८ म्हणजे पलीकडून कुणी उचलत नाही. ६८० म्हणजे डायल टोनच नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, आणि चुकला नसला तरी पलीकडच्या सर्व्हरला तसं वाटतंय. विंडोज ९८ वरून, फोनच्या तारेने इंटरनेट लावणाऱ्या कुणालाही हे आकडे तोंडपाठ असत. बीदर जिल्ह्यात, भालकीहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात ते पुठ्ठ्यावर मराठीत लिहून मॉनिटरशेजारी टांगलेले होते. लिहिणारे होते टायपिंगचे सर.

सरांचं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. त्यांच्याकडे अर्ध्या तालुक्याची पोरं टंकलेखन शिकलेली, म्हणून ते सर. टाइपरायटर मागे पडायला लागले तसं त्यांनी डीटीपी सुरू केलं: लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. शेजारी झेरॉक्स आलं, पलीकडच्या कोपऱ्यात एसटीडीचा काचेचा डबा आला. २००० नंतर केव्हातरी बाहेर नवा बोर्ड लागला: ‘इंटरनेट, ई-मेल, चॅटिंग’. आत दोन कॉम्प्युटर आणि मोडेम एकच. डायल करणं अवघड नव्हतं, ते शाळकरी पोरालाही जमे. पैसे देऊन समोर बसलेल्या माणसाला नेट का लागत नाही ते सांगणं, आणि सांगताना त्याचा राग झेलणं, हे सरांचं खरं काम झालं.

या गावांची भौगोलिक अडचण जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निजामी अमलातला जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. माल विकायला, दवाखान्याला, लग्नाचा बस्ता बांधायला माणसं उदगीर-लातूरलाच जात राहिली. टेलिफोनची मंडळं मात्र राज्याच्या हद्दी धरून आखलेली. भालकीचा कोड ०८४८४, उदगीरचा ०२३८५. सकाळच्या रेल्वेनं जाऊन संध्याकाळी घरी यावं एवढ्या अंतरावरच्या मामाला फोन करायचा तर आधी शून्य, मग कोड आणि मग एसटीडीचं मीटर. गुलबर्गा जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पासूनच्या कलबुर्गीत, आळंद तालुक्यातल्या गावांचं उमरगा-अक्कलकोटशी हेच नातं.

इंटरनेटपुरती एक सवलत होती. १७२ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर लावला की कॉल लोकल धरला जाई. लोकल म्हणजे फुकट नव्हे; साधारण तीन मिनिटांना एक कॉल बिलात चढे. त्यामुळे एकाच तासाचे दोनदा पैसे जात: एकदा इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या प्रीपेड तासांतून, दुसऱ्यांदा टेलिफोनच्या बिलातून. हे दुसरं बिल गिऱ्हाइकाला दिसत नसे.

भांडण इथूनच सुरू होई. तास कधीपासून मोजायचा? खुर्चीवर बसल्यापासून, मोडेमनं नंबर फिरवल्यापासून, जोडणी झाल्यापासून, की पहिलं पान पडद्यावर दिसल्यापासून? सरांचा हिशेब जोडणीपासूनचा, कारण कंपनीचं घड्याळ तिथून चाले. गिऱ्हाइकाचा हिशेब पान दिसल्यापासूनचा, कारण त्याच्या लेखी त्याआधी काही झालेलंच नसे. मधल्या दोन-चार मिनिटांवरून रोज कुरबूर. लाईन मध्येच तुटली आणि पुन्हा लावायला वेळ गेला, तर तो वेळ कुणाच्या खात्यात?

“लागलं का सर?”

“लागालंय, थांबा.”

हा संवाद त्या दुकानात दिवसभर चाले. त्यातलं ‘थांबा’ सर समोरचा माणूस पाहून म्हणत. घाईच्या माणसाला वेगळं, रिकाम्याला वेगळं.

अडत्यांचा राग सगळ्यांत सरळ होता. तुरीच्या हंगामात त्यांना लातूर आणि गुलबर्ग्याचा भाव लागे. बाजार समित्यांचे भाव एका ठिकाणी दाखवणारं केंद्र सरकारचं ‘ॲगमार्कनेट’ २००० मध्ये सुरू झालेलं, आणि नेटवर भाव दिसतो ही बातमी अडत बाजारात पोचलेली. एक अडते धोतराचा सोगा सावरत येऊन बसले. पहिल्यांदा ६७६. दुसऱ्यांदा ६७६. तिसऱ्यांदा जोडणी झाली, पान अर्धं उतरलं, तक्त्याच्या रेघा आल्या आणि आकडे यायच्या आत लाईन तुटली. त्यांनी शांतपणे उठून काचेच्या डब्यात जाऊन लातूरला फोन लावला, दीड मिनिटात भाव घेतला आणि त्याच कॉलचे तेवढे पैसे सरांच्या हातावर ठेवले. नेटचे पैसे मागायची सरांची हिंमत झाली नाही.

आखाती देशांत माणसं असलेल्या घरांचं दुःख वेगळं होतं. बीदर, बसवकल्याण, हुमनाबाद, गुलबर्गा या पट्ट्यातून सौदी आणि दुबईला गेलेली घरं पुष्कळ. पत्राला दोन-तीन आठवडे आणि आयएसडी म्हणजे मीटरकडे बघत बोलणं. त्यामुळे ई-मेल आला तेव्हा या घरांना तो खराच हवा होता. एका चाचांच्या मुलानं रियाधहून नातवाचा फोटो पाठवला. तीनशे केबीचा फोटो २१,६०० बिट्सच्या वेगानं उतरवायचा म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी दोन मिनिटं. फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उलगडे. टोपी आली, कपाळ आलं, भुवया आल्या आणि लाईन गेली. पुन्हा लावलं की पुन्हा टोपीपासून. तिसऱ्या खेपेला नाकापर्यंत पोचल्यावर चाचा म्हणाले, “फोन पे तो साफ सुनाई देता, सर. इसमेंच क्या होता?”

सबंध काळातली तक्रार त्या प्रश्नात होती. तीच तार, तोच खांब, तेच एक्स्चेंज. बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि नेट मात्र तुटतं.

याचं उत्तर तारेच्या जन्मात आहे. टेलिफोनचं जाळं माणसाच्या बोलण्यासाठी बांधलं गेलं. बोलणं समजायला सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झची पट्टी पुरते, म्हणून जाळं तेवढीच पुढे पाठवतं आणि बाकीचं कापून टाकतं. मोडेमला आपले सगळे आकडे या अरुंद बोळातून शिट्ट्या आणि खरखर करून न्यावे लागतात. कानाला सवय असते. मध्ये थोडं खरखरलं, क्षणभर तुटलं तरी माणूस अंदाजानं वाक्य पुरं करतो. मोडेमला अंदाज करता येत नाही. त्याला चुकलेला तुकडा परत मागवावा लागतो, आणि फारच चुका झाल्या तर वेग उतरवून पुन्हा बोलणी करावी लागतात.

त्यात खेड्यापाड्यांतली एक्स्चेंजेस. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि तिनं ग्रामीण भारतासाठी १२८ लाईनींचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनवलं. धूळ, चाळिशीपार उन्हाळा आणि वातानुकूलनाशिवायची खोली सोसून चालेल असं ते यंत्र. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातच, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. या एक्स्चेंजनी गावोगावी फोन नेले ही मोठी गोष्ट होती. पण त्यांचा सगळा हिशेब बोलण्याचा. गावातले सगळे एकाच वेळी फोन करत नाहीत आणि केला तरी तीन-चार मिनिटांत ठेवतात, हे धरून गावाबाहेर जाणारे मार्ग मोजके ठेवलेले. अशा ठिकाणी एखाद्यानं रात्री दोन तास नेट लावून ठेवलं की एक मार्ग दोन तास अडकला. चार-सहा घरांत नेट आलं की बाकीच्यांना एंगेज. पलीकडे इंटरनेट कंपनीकडेही हाच प्रकार. साधारण दहा ग्राहकांमागे एक मोडेम हा त्या धंद्यातला रूढ हिशेब होता. परीक्षांच्या निकालाच्या दिवशी तो कोलमडे.

डब्यावर छापलेला ‘५६ के’ हा आकडाही या गावांसाठी नव्हताच. व्ही.९० हे प्रमाण फेब्रुवारी १९९८ मध्ये ठरलं, आणि तो वेग मिळायला अट अशी की कंपनीपासून ग्राहकाच्या एक्स्चेंजपर्यंत सगळं डिजिटल असावं, ॲनालॉगमध्ये रूपांतर एकदाच व्हावं. वाटेत आणखी एक रूपांतर घुसलं की ५६ चं गणित संपलं, मग ३३.६ च्या आत जे मिळेल ते. फोन रेडिओवरून आलेला असेल आणि आवाज दाबून पाठवला जात असेल तर तेही नाही. दुकानदारानं मात्र ‘५६ के’ सांगून विकलेलं असे आणि घरी जोडल्यावर पडद्यावर २६,४०० दिसे. गिऱ्हाईक मोडेम परत न्यायचं. दुकानदार आपल्या दुकानात लावून दाखवायचा, तिथं चांगला चाले.

सरांचा स्वतःचा पहिला झगडा ६८० शी झाला. नवा मोडेम, नवी वायर, रिसीव्हर उचलला की डायल टोन खणखणीत. कॉम्प्युटर म्हणे, टोनच नाही. याचा उलगडा त्यांना हैदराबादहून आलेल्या एका हार्डवेअरवाल्यानं करून दिला. मोडेम बनवला गेला अमेरिकी जाळं डोळ्यांसमोर ठेवून. तिथली डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ अशा दोन स्वरांची. आपली ४०० हर्ट्‌झची, २५ हर्ट्‌झनं थरथरणारी. माणसाच्या कानाला दोन्ही ‘टोन’च वाटतात, मोडेमला आपली टोन ओळखीची नव्हती, म्हणून तो ती ऐकूनही वाट पाहत बसे. उपाय एक अक्षर आणि एक आकडा: एक्स-३. मोडेमच्या सेटिंगमध्ये हे घातलं की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. विंडोजमध्ये त्यासाठी एक चौकोनही होता. त्यातली बरोबरची खूण काढली की तेच काम. आसपासच्या गावांतले डॉक्टर, वकील, खतांचे विक्रेते यांच्या घरी जाऊन ती खूण काढून देणं हा सरांचा जोडधंदा झाला. काही ठिकाणी जुन्या एक्स्चेंजसाठी ‘टोन’ काढून ‘पल्स’ करावं लागे. मग मोडेम जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करत नंबर फिरवी.

दुसरी युक्ती त्यांना बऱ्याच उशिरा कळली. कॅरियर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा संकेत, हरवल्यावर मोडेम किती वेळ थांबून फोन ठेवतो ते एस-१० नावाच्या रजिस्टरमध्ये ठरलेलं असतं, आणि ते बहुधा दीड सेकंदाच्या आतच असतं. तो आकडा वाढवला की वाऱ्यानं तार हलून क्षणभर तुटलं तरी जोडणी टिकते. चाचांच्या नातवाची हनुवटी एस-१० मुळे दिसली.

बाहेरच्या मोडेमवर लाल दिव्यांची एक रांग असे. सर पडद्याकडे न बघता त्या दिव्यांकडे बघत आणि आवाज ऐकत. आधी टोन, मग नंबर, मग घंटी. पलीकडून २१०० हर्ट्‌झची लांब शिट्टी. मग दोन्ही बाजूंची चाचपणी, फुसफुस, आणि शेवटी झऱ्यासारखी एकसंध खरखर. शिट्टी आलीच नाही तर ६७८. शिट्टी आली पण फुसफुस लांबत गेली तर लाईन खराब, वेग कमी मिळणार. ‘सीडी’चा, म्हणजे कॅरियर सापडल्याचा, दिवा स्थिर झाला की ते गिऱ्हाइकाला म्हणत, “आता पासवर्ड घाला.” पोरांना हा चमत्कार वाटे. सरांना त्यात टाइपरायटरच्या खटखटीवरून पोराची चूक ओळखण्यापलीकडे काही विशेष वाटत नसे.

तांत्रिक अडचणींची अशी वाट हळूहळू सापडत गेली. सापडत नव्हतं ते तक्रारीचं घर. नेट लागत नसलं की चार ठिकाणी दाद मागता येई आणि चारही ठिकाणी एकच उत्तर मिळे. इंटरनेट कंपनीचं मदत केंद्र म्हणे, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, लाईन तपासा. कॉम्प्युटरवाला म्हणे, मशीन ओके आहे, कनेक्शन बघा. १९८ वर तक्रार नोंदवली की लाईनमन येई. तो कमरेचा टेस्ट फोन काढून तारेला चिमटे लावी, टोन ऐके, एक नंबर फिरवून बोलून बघे आणि म्हणे, “नम्म कडेयिंद एल्ला सरी इदे, सर.” त्याच्या बाजूनं खरंच सगळं बरोबर असे. त्याला दिलेलं साधन कानाचं होतं, आणि कानाला ती लाईन चांगली होती.

एकच फोन असलेल्या घरांची तर कुचंबणाच होई. मदत केंद्राला फोन लावायचा तर नेट बंद करायला हवं; ते सांगतात तसं करून बघायचं तर फोन ठेवायला हवा. फोन ठेवला, बघितलं, पुन्हा लावला की वेगळाच माणूस आणि पहिल्यापासून कहाणी. तोही एसटीडी. शिवाय लाईन तुटल्यावर पलीकडच्या सर्व्हरला ते लगेच कळेलच असं नाही. त्याच्या लेखी ग्राहक अजून आतच असतो. तेव्हा पुन्हा लावलं की ६९१, कारण त्याच नावानं दुसऱ्याला आत सोडायचं नाही. पासवर्ड बरोबर असूनही चुकलेला. तालुक्यातल्या एका वकिलांनी या ६९१ पायी तीनदा पासवर्ड बदलून घेतला. दहा मिनिटं थांबले असते तर आपोआप लागलं असतं, पण हे त्यांना सांगणार कोण? सांगू शकणारी सगळी माणसं ‘आमच्याकडून’ या शब्दाच्या पलीकडे बोलत नव्हती.

आणि घरात स्वयंपाकघराकडे एक्स्टेन्शन असेल तर निराळीच गंमत. एका डॉक्टरांच्या घरी रोज संध्याकाळी ठराविक वेळी नेट तुटे. कारण कंपनीत, एक्स्चेंजमध्ये, मोडेममध्ये शोधून झालं. त्या वेळी त्यांच्या आई निलंग्याच्या बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलत, आत खरखर ऐकत आणि “फोन बिघडला की” म्हणून ठेवून देत.

लोकांना ही आपल्या आडगावचीच दैना वाटे. तसं नव्हतं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते महानगरांत, आणि तिथंही लोक नंबर फिरवून थकले. व्यक्तीला पूर्ण जोडणीचं खातं घ्यायचं तर वर्षाला १५,००० रुपये, तेही २५० तासांसाठी आणि ९.६ केबीपीएसच्या वेगानं. तयारी अपुरी पडली, मागणीचा अंदाज चुकला हे निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केलं. त्याच सुमारास अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीनं डिसेंबर १९९६ पासून महिना १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट देऊ केलं. लोकांनी जोडलेली लाईन सोडणंच बंद केलं आणि इतरांना दिवसरात्र एंगेज टोन. फरक पुढे झाला. तिथं खटले भरले गेले, अनेक राज्यांचे महाधिवक्ता मध्ये पडले आणि जानेवारी १९९७ मध्ये कंपनीला ग्राहकांना पैसे परत देण्याचं कबूल करावं लागलं. तिथं दोषाला एक पत्ता होता. इथं तार एकाची, तास दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं आणि बसायची जागा सरांची. राग शेवटी जागेवर निघे.

मराठीत वाचायचं म्हटलं तर आणखी एक पायरी. त्या काळी मराठी वर्तमानपत्रांच्या नेटवरच्या आवृत्त्या आपापल्या फाँटमध्ये असत. एकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे. पान उघडलं की आधी अक्षरांऐवजी चिन्हांचा काला, मग फाँट उतरवून घ्या. सरांनी लागतील ते सगळे फाँट एका रात्री उतरवून फ्लॉपीवर ठेवले आणि ओळखीच्यांना वाटले. मेल लिहिताना लोकांनी यातून आपली वाट काढली: मराठी, कन्नड, दखनी, सगळंच रोमन अक्षरांत.

सर रात्रीचं काम करायला लागले तेही निकालांमुळे. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं त्याखाली आली. बीदरचं गुरू नानक देव, भालकीचं, गुलबर्ग्याचं पी.डी.ए. ही त्यांतली. विद्यापीठ राज्याच्या दुसऱ्या टोकाला बेळगावात. त्यामुळे निकाल नेटवर लागला की इथल्या पोरांना तोच पहिला. त्या दिवशी दुकानासमोर सायकली आणि मोटरसायकलींची गर्दी. सर पोरांकडून परीक्षा क्रमांकाच्या चिठ्ठ्या गोळा करत आणि साडेअकरानंतर, गाव निजल्यावर, बसत. ब्राउझरमधली चित्रं बंद केलेली. चित्रं गेली की पान काही सेकंदांत येई. एकेकाचे गुण वहीत उतरवायचे, छापत बसायचं नाही. प्रिंटरच्या वेळेत तीन निकाल निघतात. पहाटे दारावर यादी. या कामात त्यांना कुणी शिव्या दिल्या नाहीत, कारण लाईन किती वेळा तुटली ते कुणी पाहिलेलंच नसे.

या वहीतूनच दुसरी वही सुरू झाली. वेळ, आलेला एरर, जोडणी झाली तर वेग, आणि शेवटच्या रकान्यात हवा: ऊन, वारा, पाऊस. टंकलेखनाच्या मास्तराची सवय. ओळीखाली ओळ सरळ. पावसाळा संपताना वहीत एक गोष्ट उघडी पडली. कोरड्या दिवसांत वेग २८,८०० च्या आसपास, पाऊस पडल्यापासून पुढचे दोन दिवस २१,६०० किंवा त्याखाली, आणि मग हळूहळू वर. एक्स्चेंजमध्ये पाऊस पडत नाही. कंपनीच्या सर्व्हरवरही नाही.

त्यांनी वही लाईनमनच्या हातात दिली. त्यालाही इतक्या वर्षांत कुणी असा कागद दाखवला नव्हता. लोक नुसते ओरडत. दोघं दुकानापासून तारेखालून चालत निघाले. एका लिंबाच्या झाडापाशी वरून गेलेल्या तारेला मध्येच सांधा होता, कधीतरी फांदी पडून तुटल्यावर पिळून जोडलेला, वरची टेप उन्हानं फाटलेली. लाईनमननं शिडी लावून तो उघडला. आत तांब्यावर हिरवा गंज. ओल धरली की याच सांध्यातून सूक्ष्म खरखर उठत असणार. कानाला न जाणवणारी, मोडेमला मात्र पुरेशी. त्यानं तांबं खरवडून चकाकीत आणलं, पुन्हा पिळलं, नवी टेप गुंडाळली. त्या रात्री ३१,२०० मिळाले. पुढच्या पावसातही वेग उतरला नाही. लाईनमन त्यानंतर इतरांच्या तक्रारीला गेला की विचारायला लागला, “पाऊस पडल्यावर जास्त होतं का?”

अशा अडचणीतून मोठ्या संस्थांनीही आपापल्या वाटा काढल्या. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या वारणेच्या सहकारी पट्ट्यात ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रं उभारून ती साखर कारखान्याशी जोडायचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणा समूहाचा मिळून तो होता, आणि त्याचं खूप नाव झालं. पुढे २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाइलचे साधे संदेश वापरून पाहिले. शेतकऱ्याला लागत होती ती ऊस, खत यांची चार ओळींची माहिती, आणि ती एसएमएसमध्ये मावत होती. सरांच्या दुकानातल्या त्या अडत्यांनी एसटीडीच्या डब्यात जाऊन जे केलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ केबीपीएस हा किमान वेग ठरवला, जानेवारी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी सेवा सुरू केली आणि आणखी काही वर्षांनी ती या गावात पोचली. तार तीच, खांब तेच. पण आता बोलणं आणि नेट एकाच तारेवर वेगवेगळ्या पट्ट्यांत चालू लागलं, नंबर फिरवायची भानगड संपली, आणि डॉक्टरांच्या आईंना निलंग्याला केव्हाही फोन करता येऊ लागला. सरांच्या दृष्टीनं मोठा बदल दिव्याचा होता. नव्या मोडेमवर ‘डीएसएल’ लिहिलेला दिवा असे. जोडणी असली की स्थिर, नसली की लुकलुकणारा. मदत केंद्रातला माणूस पहिला प्रश्न त्याचाच विचारी, एक्स्चेंजमधल्याला आपल्या पडद्यावर त्याच लाईनीची खरखर डेसिबलमध्ये दिसे. तक्रार करणारा आणि ऐकणारा पहिल्यांदाच एकाच गोष्टीकडे बघत होते. ‘आमच्याकडून सगळं बरोबर आहे’ असं म्हणणं त्यामुळे थांबलं नाही, पण त्याला पुरावा मागता येऊ लागला.

तार लांबली की डीएसएल क्षीण होतं. एक्स्चेंजपासून पाचेक किलोमीटरपुढे त्याचा भरवसा नाही. म्हणजे बाजारगावात नेट आलं आणि आसपासच्या वाड्या, वस्त्या, लमाणी तांडे बाहेरच राहिले. तिथली पोरं पेन ड्राइव्ह घेऊन सरांकडे येत: अर्जाचा नमुना, जुन्या प्रश्नपत्रिका, एखाद्या गाण्याची फाइल. सरांनी तोवर तासाचा दर काढून टाकला होता. काय हवंय ते आधी विचारायचं, ते काढून द्यायचं, आणि निघालं तर कामाचे पैसे घ्यायचे.